मापासाठी भरलेल्या बांगड्या

आई,

मागच्या महिन्यात मी तुझी सहल करून आले. तुझीच म्हणते, कारण गावं तुझी, त्यांचा क्रम तुझा आणि सोबतसुद्धा तुझीच होती. आधी कोल्हापूर, मग विजापूर, बेळगाव, तिथून घाट उतरून सावंतवाडी, वेंगुर्ला आणि शेवटी मालवण. येताना तेवढी बोट मिळाली नाही. ती केव्हाच बंद झाली. आता कोकणात रेल्वे आलीय, तिने आलो. तुझी ती नर्स मैत्रीण, सिस्टर, सत्तरीच्या पुढे गेलीय. गुडघे गेलेत, आवाज मात्र तसाच, वॉर्डाच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल असा. तिनेच लालबागहून फोन केला. "तुझ्या आईबरोबर बघितलेलं एकदा परत बघून घेते गो. मला दुसरं कोण नेणार?" मी घरात सांगितलं, म्हाताऱ्या बाईची इच्छा आहे, कर्तव्य म्हणून जाते. तुला खरं सांगायला हरकत नाही. कर्तव्यबिर्तव्य काही नव्हतं. तिने जे पाहिलं आणि मला पाहायला मिळालं नाही, त्या सगळ्याचा मला एकदा पंचनामा करायचा होता.

ती सहल माझी होती, आई. तू विसरली असशील, मी नाही विसरले. चौपाटीवर आपण दोघी बसलो होतो, लांब कुठली तरी बोट चालली होती, आणि तू म्हणालीस, चौथी पास झालीस की आपण दोघी जाऊ, गावं बघत बघत जाऊ आणि बोटीने परत येऊ. 'आपण दोघी' हे तुझे शब्द. आपल्या घरात एवीतेवी दोघीच होतो म्हणा, तिसरी आत्या. बाबा मला आठवत नाहीत. मला आठवतेस ती तू, गिरगावातली ती खोली, तुझी पांढरी साडी, मोकळं कपाळ, आणि शाळेत शिकवायला जाताना डाव्या मनगटावर बांधायचीस ते घड्याळ. तुझ्या हातात दुसरं काही मी कधी पाहिलं नाही. त्यामुळे माझ्या हातात काय असावं याची तुला फार हौस होती. दर सणाला माझे हात भरायचे. शेजारणी म्हणायच्या, पोरीचे लाड चाललेत. मला ते खरंच वाटायचं. मी तुझी एकटीची आहे आणि तू माझी एकटीची, यात मला तेव्हा काही शंका नव्हती.

ती घरात आली ती अश्रुधुरातून आली. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा शाळा बंद. त्या दिवशी आपल्या गल्लीच्या तोंडाशी पोलिसांनी धूर सोडला आणि लोक जिन्याजिन्यांतून घुसले. आपल्या दारात एक दांडगी बाई उभी राहिली, डोळे लाल, खांद्याला एक रक्तबंबाळ मुलगी. लालबागच्या बायकांबरोबर मोर्चात आली होती. "परळच्या हॉस्पिटलात नर्स आहे. स्वच्छ कापड द्या, जुनं चालेल." आत्या पोतेरं शोधत होती. तू मात्र ट्रंक उघडलीस आणि बाबांचं धोतर काढलंस. आई, त्या धोतराला मला हात लावायची परवानगी नव्हती. मी एकदा भातुकलीत छप्पर करायला मागितलं तर तू दिवसभर बोलली नव्हतीस. आणि आता ती परकी बाई ते टराटरा फाडत होती आणि तू दुसरं टोक धरून उभी होतीस. मुलीचं डोकं बांधून झालं, चहा झाला, बाहेर शांत झाल्यावर त्या गेल्या. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली, तुझी चौकशी करायला. मग येतच राहिली. तू मला म्हणालीस, "मावशी म्हण त्यांना." मी सिस्टरच म्हटलं. अजून सिस्टरच म्हणते.

मी चौथी पास झाले, मे महिना आला, आणि तू वळकटी बांधायला काढलीस. दोनच अंथरुणं बांधलीस. दुसरं माझं असेल असं मी धरून चालले होते. सिस्टरला रजा मिळालीय, तिचं गाव मालवणजवळ आहे, दोघी बायकांनी जायचं तर तिच्यासारखी धीट सोबत परत मिळायची नाही, असं तू आत्याला सांगत होतीस. "उद्या आपलं राज्य होईल, त्यातली गावं तरी बघून ठेवू," असंही म्हणालीस, आणि हसलीस. कारवार बघायचं मात्र राहणार होतं, मध्ये पोर्तुगीजांचा गोवा आडवा होता. मी विचारलं, मग मी? तू म्हणालीस, "तुला झेपायचं नाही, बाळा. ऊन, पायऱ्या, एसट्या. पुढच्या वर्षी." मी स्वयंपाकघरातून लाटणं घेतलं आणि गॅलरीभर मोर्चा काढला. "आईसह बोट मिळालीच पाहिजे! आईसह बोट मिळालीच पाहिजे!" अख्खा मजला हसला. तूही पोट धरून हसलीस. मग डोळे पुसलेस आणि वळकटीचा दोर आवळलास. त्या दोराचा मला आजही राग येतो.

जायच्या आदल्या दिवशी आत्याने माझ्या हातातली एक बांगडी काढून रुमालात बांधून तुला दिली. कोल्हापूरला अंबाबाईच्या दारातून लेकीसाठी बांगड्या आणायच्या आणि मापाला जुनी बांगडी न्यायची, हे सगळ्याच घरांत असतं. तू गेल्यावर दुपारी मी पाणी प्यायला गेले, तर माठाशेजारच्या फळीवर तो रुमाल तसाच. गाठसुद्धा सुटलेली नव्हती. वळकटी नेली, फिरकीचा तांब्या नेला, सिस्टरला आवडतं म्हणून मेतकूट नेलं आणि माझ्या हाताचं माप तेवढं विसरलीस. मी रुमाल आत्याला दाखवला नाही. मोरीत बसून रडले, मग तो फळीवर होता तसाच ठेवून दिला, तुला येताक्षणी दिसावा म्हणून.

तुला आणायला आत्या आणि मी भाऊच्या धक्क्यावर गेलो. ती सकाळ मला अजून डोळ्यांसमोर दिसते. बोट लागते, माणसं उतरतात, फणसांचा वास, आणि तुम्ही दोघी येता. तू काळवंडली आहेस, आणि चांगली दिसते आहेस. एवढी चांगली दिसतेस की मला ओळखीची वाटत नाहीस. मनगटावर घड्याळ नाही. दोन्ही हात मनगटापासून अंगठ्यापर्यंत लालबुंद. आत्याने विचारलं, "हाताला काय झालं गं?" तू म्हणालीस, "खारी हवा." मग मागे वळून हाक मारलीस, "अगं, तांब्या राहिला बघ वर!" अगं! जाताना 'अहो सिस्टर, या ना' होतं. आत्याने माझ्याकडे पाहिलं, मी आत्याकडे. घरी येईपर्यंत मी तुझा हात धरला नाही. तू धरलास तेव्हा तुला दुखलं बहुतेक, कारण लगेच सोडलास.

बांगड्या तू घरी आल्यावर दिल्यास. हिरव्यागार, आत बारीक सोनेरी रेघ. मी हात पुढे केला, तू चढवल्यास, आणि मी हात खाली सोडला तशा सगळ्या खळकन निसटून सतरंजीवर पडल्या. आत्या म्हणाली, "अगं बाई, कुणाच्या मापाने आणल्यास?" तू नजर न उचलता म्हणालीस, "अंदाजाने घेतल्या. हात वाढेल तिचा." सिस्टर दाराशी चहा पीत होती. तिच्या हातात तशाच बांगड्या होत्या, हिरव्या, सोनेरी रेघेच्या. संपलं. मला दुसऱ्या पुराव्याची गरज नव्हती. तिचा हात बघून माझ्या बांगड्या घेतल्यास. मी त्या बिस्किटाच्या डब्यात टाकल्या आणि कधी घातल्या नाहीत. माझ्या लग्नात तूच तो डबा काढून आणला होतास. मी म्हटलं, नको, नव्या भरते. तू डबा परत ठेवलास.

असा हा माझा हेवा, आई, तुला वाटायचा तसा लहानपणीचा रुसवा नव्हता. तो माझ्याबरोबर वाढला. हळदीकुंकवाला बायका म्हणायच्या, तुझी आई किती गंभीर, आणि मला वाटायचं, सगळा हसरेपणा तिकडे लालबागला खर्च होतो. तुझ्या शेवटच्या आजारात परळच्या हॉस्पिटलात मी तुझ्या उशाशी बसले होते, तुझे केस विंचरत होते, आणि तू डोळे उघडून म्हणालीस, "ती आली का?" मी म्हटलं, मी आहे ना. तू म्हणालीस, "तू आहेसच गं." तू हे मायेनेच म्हणालीस, हे मला कळतं. पण 'आहेसच' असणाऱ्या माणसाची वाट कुणी बघत नाही, हेही मला तेव्हाच कळलं. दोन दिवसांनी तू गेलीस. तुझ्या माघारी ती दर दिवाळीला येत राहिली, आणि मी तिला दर वर्षी चकली देत राहिले.

तर ही सहल. कोल्हापूरला देवळातून बाहेर पडल्यावर ती एका गल्लीच्या तोंडाशी बराच वेळ उभी राहिली. तिथे आता प्लॅस्टिकच्या बादल्यांचं दुकान आहे. मी विचारलं, काय शोधताय? म्हणाली, "काय नाय. चल." विजापूरला गोल घुमटाच्या पायऱ्या तिला चढवेनात. ती खाली बाकावर बसली आणि मला म्हणाली, "वर जा. भिंतीला कान लावून बस. पलीकडून कोण कुजबुजला तरी ऐकू येता." वर कुठल्या तरी शाळेची मुलं एकमेकांना शिव्या देत होती आणि घुमट त्या इमानाने परत करत होता. मी तरीही कान लावून उभी राहिले. खाली येऊन विचारलं, "आई काय बोलली होती हो इथे?" ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "सांगीन." मला एवढा राग आला की मी बेळगावपर्यंत तिच्याशी कामापुरतंच बोलले. अर्धशतक होत आलं, आणि ही बाई अजून माझ्या आईचा एक तुकडा पदराखाली झाकून बसलीय!

मालवणला ती बोलली. संध्याकाळी बंदरावर बसलो होतो, समोर किल्ला. मी काही विचारलं नव्हतं. माझ्या हाताकडे बघून तिने एकदम विचारलं, "त्या बांगड्या तू घातल्यासच नाय ना कधी?"

मी म्हटलं, "मोठ्या होत्या. तुमच्या मापाच्या."

"माझ्या?" तिने आपला हात माझ्यापुढे धरला. अजूनही केवढा पंजा आहे तिचा! "ह्या हातात त्या गेल्या असत्या? माझ्या मी वेगळ्या घेतल्या होत्या, मोठ्या. काय गो, एवढी वर्षं असा समजून बसलेलीस?"

मग तिने सांगितलं. कासाराने माप मागितलं, तू पिशवी उपसलीस, माप घरी राहिलेलं. सिस्टर म्हणाली, अंदाजाने घ्या. कासार म्हणाला, अंदाजाची बांगडी दुकानात परत येते, कुणाचा तरी हात द्या. तिने स्वतःचा हात पुढे केला. तू म्हणालीस, "तुमचा हात दांडगा आहे, सिस्टर. माझ्या लेकीचा हात माझ्यावर गेलाय." आणि तुझा हात कासारापुढे धरलास.

"कासार थांबला," ती म्हणाली. "पांढरी साडी, कपाळ मोकळं. त्याला कळायचं ते कळलं. माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, भरा हो, मापासाठी भरताय. तो म्हणतो, हिरव्याच? मी म्हटलं, पोरीच्या आहेत, मग हिरव्याच. तेव्हा त्याने भरल्या. मापाला एक हात पुरला असता गो. पण तुझ्या आईने घड्याळ सोडून माझ्याकडे दिलं आणि दुसरा हात पण पुढे केला."

मी समुद्राकडे बघत होते. ती पुढे सांगत होती. भरून झाल्यावर तू कासाराला वाकून नमस्कार केलास, बायका करतात तसा. सिस्टरने विचारलं, आता काढायच्या ना? तू म्हणालीस, "अगं, राहू दे की." पहिल्यांदा अगं म्हणालीस ते तिथे, त्या दुकानात. मग त्या बांगड्या तुझ्या हातात विजापूरला गेल्या, बेळगावला गेल्या, वेंगुर्ल्याला समुद्रात भिजल्या. मालवणात सिस्टरच्या आईने तुझे हात पाहिले आणि कुंकवाची कोयरी पुढे केली, तर तू नको म्हणालीस, पण हात पदराखाली नेले नाहीस. आणि घुमटात तू बोलली काहीच नव्हतीस. नुसता हात हलवलास. पलीकडे भिंतीला कान लावून बसलेल्या हिला तुझ्या बांगड्यांचा आवाज आला, मग परत आला, आणि येतच राहिला.

"मुंबई दिसायला लागली तशी तिने साबण मागितला," सिस्टर म्हणाली. "घट्ट बसल्या होत्या. मी एकेक ओढून काढली. दुखत होतं, पण हूं की चूं केलं नाही. एक पण वाढली नाही. मोजून रुमालात बांधल्या आणि म्हणाली, आता ह्या माझ्या पोरीच्या."

 मग माझ्या तोंडून तेच निघालं, चौथीतलं. "मग मला का नाही नेलं?"

तिने मला उत्तर दिलं, आई. तिच्या जागी मी असते तर दिलं नसतं. म्हणाली, "तू समोर असतीस तर तिने हात पुढे केला असता?"

 माझ्यासमोर तू आई होतीस, बाबांची बायको होतीस, आत्याची वहिनी होतीस. मी चौथीतली मुलगी, पण तुझ्या हातात हिरव्या बांगड्या बघून पहिला प्रश्न मीच विचारला असता आणि घरी येऊन आत्याला पहिली बातमी मीच दिली असती. माप तू विसरलीस की ठेवून गेलीस, हे मी सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, "ते मला नाय ठाऊक. तुला जे आवडेल ते धर." मला दोन्ही आवडत नाही. तू सुखी होतीस हे ऐकून बरं वाटायला हवं, वाटलंही, पण त्याच्या आधी जे वाटलं ते सांगते. मला वाटलं, ते हात मला का दिसले नाहीत? मला फक्त लाल झालेली मनगटं दिसली आणि हिला बांगड्या भरलेले हात दिसले. आधी मला वाटायचं, हिने माझी जागा घेतली. आता कळलं, तिथे माझी जागा नव्हतीच. हा हेवा आधीच्यापेक्षा वाईट आहे. आधीच्यात निदान भांडता यायचं.

दादरला घरी आल्यावर मी डबा काढला. घरं बदलताना दोन-तीन वाढल्या असाव्यात, बाकीच्या आहेत. साबण लावून घालून पाहिल्या. अंगठ्याच्या हाडापाशीच अडकतात. माझा हात तुझ्यावर गेलाय असं तू कासाराला सांगितलंस, पण तो वाढता वाढता आत्यावर गेला. एवढंसुद्धा मला तुझ्यासारखं मिळालं नाही.

काल सिस्टर आली होती, मालवणचा खाजा घेऊन. आम्ही चहा घेत होतो, आणि माझी नात तो डबा उचलून घेऊन आली. तिने बांगड्या घातल्या, हात खाली सोडला, आणि सगळ्या खळकन फरशीवर. एकही फुटली नाही. "आजी, या कुणाच्या गं? मला मोठ्या होतात." मी म्हटलं, माझ्या आईच्या. आणि मग तिला सगळं सांगितलं. कासार, घड्याळ, दुसरा हात, नमस्कार, घुमटातला आवाज. सिस्टरच्या समोर तिचीच गोष्ट मी सांगत होते, आणि मला थांबवेना. नातीने मध्येच विचारलं, "आणि तू कुठे होतीस तेव्हा?"

मी म्हटलं, "कासाराच्या दुकानात. आईच्या शेजारी."

म्हटलं आणि कानशिलं तापली. सिस्टरने बशी खाली ठेवली. आता ही हसेल, नाही तर खोडून काढेल, म्हणून मी वाट बघत राहिले. ती नातीला म्हणाली, "होती तर काय! माझ्या आणि तिच्या आईच्या मध्ये बसलेली. मलापण बांगड्या पायजे म्हणून कासाराचं डोकं खाल्लेलं हिने."

नात हसली. सिस्टरने बशी उचलून उरलेला चहा प्यायला. तू हिलाच का नेलंस, आई, हे त्या क्षणी मला पहिल्यांदा नीट समजलं. समजल्याने हेवा जाईल असं वाटलं होतं. तो गेलेला नाही. हे पत्र मी त्या बिस्किटाच्या डब्यात ठेवणार होते, पण डबा नात घेऊन गेलीय, हात वाढला की घालीन म्हणते. म्हणून ते असंच टेबलावर आहे. आणि एक सांगायचं राहिलं. सिस्टर निघताना मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले आणि विचारलं, मी त्या दुकानात आणखी काय काय केलं?